अकिलीस आणि पॅट्रोक्लस नक्की कोण होते एकमेकांचे?

माझी भाची अकरावीत आहे. गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला तिचा फोन आला, रडून आवाज बसलेला, मी घाबरलेच, म्हटलं काय झालं, तर म्हणते मावशी ते पुस्तक संपलं. 'द साँग ऑफ अकिलीस', मॅडलीन मिलरची कादंबरी, ज्यात अकिलीस आणि पॅट्रोक्लस हे ग्रीक पुराणातले दोघं प्रेमी आहेत. वाढदिवसाला मीच दिलं होतं. थोडा वेळ नुसती शेवटाबद्दल बोलत राहिली आणि मग एकदम विचारलं, "पण मावशी, हे खरंच असं होतं का, की हिने घातलंय? कारण क्लासमधला एक मुलगा म्हणतो मूळ गोष्टीत ते फक्त मित्र आहेत आणि हल्ली सगळीकडे हे असलं घुसवतात."

फोनवर मी जे काय बोलले ते अर्धवटच झालं, म्हणून आता नीट बसून लिहितेय, तिच्यासाठी आणि ज्यांना हा प्रश्न पडतो त्या सगळ्यांसाठी, कारण प्रश्न चांगला आहे आणि त्याला "हो" किंवा "नाही" एवढंच उत्तर दिलं तर खरी गंमत हातातून निसटते.

आधी गोष्ट, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. ट्रॉयच्या युद्धाचं दहावं वर्ष चालू आहे. ग्रीकांचा सगळ्यात मोठा योद्धा अकिलीस. राजा अ‍ॅगॅमेम्नॉन त्याच्या वाट्याला आलेली ब्रिसेइस नावाची बाई काढून घेतो, तो अपमान अकिलीसला सहन होत नाही आणि तो लढाई सोडून तंबूत बसून राहतो. ग्रीक मार खायला लागतात. पॅट्रोक्लस, लहानपणापासून अकिलीसच्या घरी वाढलेला, त्याला हे बघवत नाही, तो अकिलीसचं चिलखत मागून घेतो आणि ते घालून लढायला जातो, आणि ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर त्याला मारतो. मग अकिलीस उठतो. हेक्टरला मारतो, त्याचं प्रेत रथाला बांधून फरफटवतो, आणि शेवटी हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री एकटा त्याच्या तंबूत येऊन मुलाचं प्रेत मागतो. होमरचं 'इलियड' म्हणजे हे, २४ भाग, १५ हजारांहून जास्त ओळी, साधारण इ.स.पू. आठव्या शतकातलं.

आता यात प्रेम कुठे आहे? होमरने कुठेही लिहिलेलं नाही की हे दोघं प्रियकर होते. एकही चुंबन नाही. उलट नवव्या भागात दोघंही रात्री झोपायला जातात तेव्हा तंबूच्या दोन टोकांना, दोघांच्याही शेजारी एकेक बाई आहे, युद्धात पकडून आणलेली. क्लासमधला मुलगा एवढ्यावर थांबला असेल तर त्याचं चूक नाही.

पण पुढे वाचायला पाहिजे.

अठराव्या भागात पॅट्रोक्लस गेल्याची बातमी येते. अकिलीस दोन्ही हातांनी राख घेऊन डोक्यावर ओततो, धुळीत आडवा पडतो, केस उपटतो, आणि बातमी घेऊन आलेला अँटिलोकस रडत रडत त्याचे हात धरून ठेवतो, कारण त्याला भीती वाटते की हा आता सुरीने स्वतःचा गळा कापेल. त्याचा हंबरडा खाली समुद्राच्या तळाशी त्याच्या आईला, थेटिसला ऐकू जातो. मग तो जेवायचं नाकारतो. मग झोप नाही, एका कुशीवर, दुसऱ्या कुशीवर, उताणा, पालथा, उठून समुद्राच्या काठाने फिरतो. ज्यांनी जवळचं माणूस गमावलंय त्यांना त्या ओळी वाचताना काही समजावून सांगावं लागत नाही.

तेविसाव्या भागात पॅट्रोक्लसचं भूत स्वप्नात येतं आणि तक्रार करतं की तू झोपलास आणि मला विसरलास. मागणं एकच, आपल्या दोघांची हाडं एकाच भांड्यात ठेव, लहानपणी आपण एका घरात वाढलो तसं. अकिलीस त्याला मिठी मारायला हात पुढे करतो आणि तो धुरासारखा जमिनीखाली निघून जातो.

आणि त्याच्या पुढचा प्रसंग, जो मला सगळ्यात जास्त हलवतो. अकिलीसच्या बापाने नवस बोललेला असतो. आपण बोलतो अगदी तसाच नवस, पोरगा युद्धावरून सुखरूप परत येऊ दे, मग त्याचे केस कापून तुला वाहीन आणि ५० मेंढे देईन, असं गावाकडच्या स्पर्खिओस नावाच्या नदीला सांगितलेलं. त्या नवसासाठी अकिलीसने केस वाढवलेत. आता चिता रचलीये, तो बाजूला जाऊन उभा राहतो, समुद्राकडे बघतो, ते केस कापतो आणि पॅट्रोक्लसच्या हातात ठेवतो. नदीला सांगतो की बापाचा नवस वाया गेला, मी काही घरी येत नाही. नवसाची वस्तू दुसऱ्याला देऊन टाकणं म्हणजे काय ते आपल्याकडच्या कुठल्याही आजीला विचारा. आपलं परत जाणंच तो त्या हातात ठेवून देतो.

अजून एक बारीक गोष्ट, ही मला बऱ्याच उशिरा कळली. पॅट्रोक्लसला चितेकडे नेतात तेव्हा मागून अकिलीस त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून चालतो. शेवटच्या भागात हेक्टरचं प्रेत घरी येतं तेव्हा त्याचं डोकं हातात धरून विलाप सुरू कोण करतं? त्याची बायको, अँड्रोमाकी. आणि नवव्या भागात अकिलीसला समजवायला एक म्हातारा गुरू मेलेआगरची गोष्ट सांगतो. तोही असाच रुसून घरात बसलेला वीर, त्याने मित्रांचं ऐकलं नाही, आईबापांचं ऐकलं नाही, शेवटी ऐकलं ते फक्त बायकोचं. तिचं नाव क्लिओपात्रा. ग्रीकमध्ये क्लिओपात्रा आणि पॅट्रोक्लस ही दोन्ही नावं त्याच दोन शब्दांची आहेत, कीर्ती आणि बाप, फक्त उलटसुलट जोडलेली. अकिलीसही सगळ्यांना नाही म्हणतो आणि पॅट्रोक्लसपुढे वाकतो. याला कुणी योगायोग म्हणेल तर म्हणो, मला नाही वाटत.

म्हणजे होमर नाव देत नाही, पण ज्या जागी बायको असते त्या जागी पॅट्रोक्लसला उभं करतो. ग्रीकमध्ये पॅट्रोक्लससाठी 'फिलतातोस' असा शब्द येतो, म्हणजे सगळ्यात प्रिय. मराठीत मला त्याच्या सगळ्यात जवळचा वाटतो तो 'जिवलग'. बघा ना, जिवलग मित्र पण असतो आणि गाण्यांमधून जिवलगा म्हणून हाक मारतात ती प्रियकराला. आपल्या शब्दालाही हे दोन कप्पे वेगळे करायची गरज वाटलेली नाही.

आता "हल्ली घुसवतात" या मुद्द्याकडे येऊ. हल्ली म्हणजे कधीपासून? इ.स.पू. पाचव्या शतकात एस्किलसने याच गोष्टीवर 'मर्मिडन्स' नावाचं नाटक लिहिलं. ते हरवलंय, तुकडेच उरलेत, पण त्या तुकड्यांत अकिलीस पॅट्रोक्लसच्या प्रेतापाशी बसून त्याच्या मांड्यांची आणि आपल्या असंख्य चुंबनांची आठवण काढतो. काही आडपडदाच नाही. ज्या अथेन्सच्या लोकांसाठी एस्किलस लिहायचा ते काही आजच्या सोशल मीडियाचे बिघडलेले लोक नव्हते.

त्यानंतर प्लेटोच्या 'सिंपोझियम' या संवादात फीड्रस नावाचं पात्र म्हणतं की एस्किलस चुकला. कशात चुकला? ते दोघं प्रेमी होते यात नाही, ते त्याने गृहीतच धरलंय. तो म्हणतो एस्किलसने अकिलीसला 'प्रेम करणारा' केलं ते चूक, कारण अकिलीस जास्त देखणा, अजून दाढी न फुटलेला आणि वयाने लहान होता, म्हणून तो 'प्रेम केला जाणारा' असणार. इथे थोडं थांबून समजून घ्यावं लागतं. त्या काळच्या अथेन्समध्ये वरच्या वर्गात पुरुषांच्या नात्याचा एक ठरलेला साचा होता, एक वयाने मोठा, त्याला एरास्टीस म्हणायचे, आणि एक कोवळा, एरोमेनोस. मोठ्याने मागे लागायचं, शिकवायचं, भेटवस्तू द्यायच्या, लहानाने नखरे करायचे. गे, स्ट्रेट असे माणसांचे प्रकार त्यांच्या डोक्यात नव्हते, तोच पुरुष पुढे लग्न करून पोरंबाळं जन्माला घालायचा. आणि स्पष्ट सांगते, तो कोवळा बऱ्याचदा अगदी पोरसवदा असायचा, आज आपण ते मान्य करणार नाही आणि करूही नये. म्हणून "ग्रीक लोक किती मोकळे होते" असं जे सरसकट म्हणतात ते मला पटत नाही. त्यांची मोकळीक त्यांच्या अटींवर होती.

तर होमरचं जोडपं या साच्यात नीट बसतच नव्हतं, कारण इलियडमध्ये पॅट्रोक्लस वयाने मोठा आहे पण मोठा योद्धा अकिलीस आहे, म्हणून अथेन्सच्या लोकांची त्यावरून भांडणं. इ.स.पू. ३४५ मध्ये एस्किनीस नावाचा वक्ता भर कोर्टात म्हणाला की होमर त्यांच्या प्रेमाचं नाव झाकून ठेवतो कारण शिकलेल्या ऐकणाऱ्यांना ते आपोआप कळतं असं तो मानतो. दुसऱ्या बाजूला झेनोफोन या लेखकाने सॉक्रेटिसच्या तोंडी घातलं की नाही, ते नुसते सोबती होते. आणि अलेक्झांड्रियाच्या झेनोडोटस या होमरच्या अभ्यासकाने तर इलियडमधल्या काही ओळींवरच संशय घेतला. सोळाव्या भागात अकिलीस म्हणतो की सगळे ट्रोजन मरोत, सगळे ग्रीकही मरोत, फक्त आपण दोघं उरू आणि दोघंच मिळून ट्रॉय घेऊ. झेनोडोटसला वाटलं की ज्यांना यात पुरुषांचं प्रेम दिसतं अशा कुणीतरी त्या मागून घातल्यात. म्हणजे भाचीच्या क्लासमधल्या मुलाची तक्रारसुद्धा सव्वादोन हजार वर्षं जुनी आहे!

बर्लिनच्या म्युझियममध्ये एक वाइनचा उथळ कप आहे, साधारण इ.स.पू. ५०० चा, कुंभाराचं नाव सोसियास. मी त्याचा फोटोच पाहिलाय पण खूप वेळ पाहिलाय. कपाच्या आतल्या तळाला गोल चित्र आहे, म्हणजे वाइन संपत आली की ते दिसणार. दाढीवाला पॅट्रोक्लस ढालीवर बसलाय, दंडाला जखम झालीये, काढलेला बाण बाजूला पडलाय. बिनदाढीचा, तरुण अकिलीस पुढ्यात बसून पांढरी पट्टी बांधतोय, नजर पट्टीवर खिळलेली, एखादं नाजूक काम करताना असते तशी. आणि पॅट्रोक्लसने तोंड दुसरीकडे फिरवलंय, ओठ विलग, दात दिसतायत. दुखतंय आणि ते अकिलीसला दिसू द्यायचं नाहीये असं मला तरी वाटतं. हा प्रसंग इलियडमध्ये नाहीच. त्या चित्रकारानेही रीटेलिंगच केलंय, म्हणजे जुनी गोष्ट आपल्या पद्धतीने सांगितलीये.

मधली बरीच शतकं सोडून देते. २००४ मध्ये हॉलिवूडचा 'ट्रॉय' आला, ब्रॅड पिट अकिलीस, आणि पॅट्रोक्लसला त्यांनी त्याचा धाकटा चुलतभाऊ करून टाकलं. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना ही गोष्ट पहिल्यांदा तशीच कळली. एवढा शोक दाखवायचा तर आहे पण त्याचं कारण सांगायचं नाही, मग नातेवाईक करून मोकळं व्हायचं.

आणि २०११ मध्ये मॅडलीन मिलरचं पुस्तक आलं. ही बाई शाळेत लॅटिन आणि ग्रीक शिकवायची, या पहिल्या कादंबरीला तिने दहा वर्षं घेतली, २०१२ मध्ये तिला ऑरेंज प्राइझ मिळालं. पुढे काही वर्षांनी टिकटॉकवर वाचक शेवट वाचून रडतानाचे व्हिडिओ टाकायला लागले आणि पुस्तक नव्याने प्रचंड खपलं, आपल्याकडे टिकटॉक २०२० मध्येच बंद झालं पण रील्समधून ते आलंच.

तिने नक्की काय केलं? सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सांगणारा बदलला. होमरमध्ये आपण पॅट्रोक्लसला बाहेरून बघतो, तो बोलतो कमी आणि गोष्ट संपायच्या आधीच मरतो. इथे सगळी गोष्ट तोच सांगतो, एक नावडता, घाबरट मुलगा, ज्याच्या हातून लहानपणी फाशांच्या खेळावरून चुकून एक मुलगा मेला आणि बापाने हाकलून दिलं. फाशांवरून मुलगा मेला हे तिने रचलेलं नाही, इलियडमध्येच आहे, भूत स्वतः सांगतं. पॅट्रोक्लस जखमींवर उपचार करतो हेही मूळातलं, अकराव्या भागाच्या शेवटी तो एकाच्या मांडीतला बाण कापून काढतो आणि कडू मुळी चोळून लावतो. मिलर असे होमरने टाकून दिलेले दाणे उचलते आणि पेरते. मग त्या दोन मुलांचं एकत्र वाढणं, अंजिरं, पोहणं, वीणा, पहिलं लाजणं, हे सगळं त्यातून उगवतं, आणि आपण शेवटाला येतो तेव्हा तो राखेचा हंबरडा का आहे हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही.

जे तिने बदललं तेही सांगायला हवं. वयातलं अंतर काढून दोघांना बरोबरीचं केलं, म्हणजे तो एरास्टीस-एरोमेनोसचा साचाच गेला आणि आजच्या वाचकाला ओळखू येईल असं बरोबरीचं प्रेम उरलं. मला हे मान्य आहे. पण ब्रिसेइस आणि बाकीच्या पकडलेल्या बायकांना हे दोघं 'वाचवण्यासाठी' मागून घेतात असं जे तिने केलंय ना, तिथे माझं मन अडतं. होमर तसं लपवत नाही, त्या बायका लूट म्हणून वाटल्या गेल्या होत्या आणि त्यांना झोपायला नेलं जात होतं. २०१८ मध्ये पॅट बार्करने 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स'मध्ये तेच युद्ध ब्रिसेइसच्या तोंडून सांगितलं आणि ते वाचल्यावर अकिलीसकडे पूर्वीसारखं बघता येत नाही. दोन्ही वाचा, मिलर आधी. प्रेम खरं असतं आणि तोच माणूस दुसऱ्या कुणाचा तरी मालक असतो, हे दोन्ही एकाच तंबूत होतं.

हे एवढं एकच जोडपं आहे असं नाही. ओव्हिड या रोमन कवीने क्रीट बेटावरच्या इफिसची गोष्ट सांगितलीये. बाप म्हणतो मुलगी झाली तर मारून टाकू (हे वाक्य वाचताना आपल्याला फार लांबचं वाटत नाही), म्हणून आई तिला मुलगा म्हणून वाढवते, ती इयान्थीच्या प्रेमात पडते, लग्न ठरतं, इफिस रडते की गाय कधी गाईवर प्रेम करते का, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी इसिस देवी तिला मुलगा करून टाकते. अली स्मिथने २००७ मध्ये 'गर्ल मीट्स बॉय' लिहिलं, गोष्ट आणली स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसमध्ये, आणि तिथे दोघींना एकत्र यायला कुठल्या देवीने येऊन शरीर बदलायची गरजच पडत नाही. पण काही ट्रान्स वाचकांना ओव्हिडचाच शेवट आपला वाटतो, शेवटी इफिसला हवं ते शरीर मिळतं. एकाच गोष्टीत दोघांना दोन घरं सापडतात, आणि मला कुणालाच बाहेर काढावंसं वाटत नाही.

कॅनडाच्या अ‍ॅन कार्सनने १९९८ मध्ये तर राक्षसालाच हाताशी धरलं. मूळ गोष्टीत हेराक्लीस (म्हणजे हर्क्युलिस) दहाव्या कामगिरीत गेरिऑन या राक्षसाला मारून त्याची लाल गुरं पळवतो, तिच्या 'ऑटोबायॉग्राफी ऑफ रेड'मध्ये गेरिऑन हा लाल पंखांचा लाजरा मुलगा आहे आणि हेराक्लीस त्याला मारत नाही, त्याला आपल्या प्रेमात पाडतो आणि सोडून जातो. लहान मुलांसाठी बघायचं तर पर्सी जॅक्सनच्या जगातला निको, २०१३ च्या पुस्तकात त्याला कबूल करावं लागतं की त्याचं पर्सीवर प्रेम होतं, आणि ते त्याला कुठल्याही राक्षसापेक्षा जड जातं. आणि 'हेडीज' नावाचा २०२० चा गेम आहे, त्यात मेल्यानंतर पाताळात अकिलीस एकीकडे आणि पॅट्रोक्लस दुसरीकडे अडकलाय, खेळणाऱ्याने निरोप ने-आण करून त्यांची पुन्हा गाठ घालून द्यायची. माझ्या भाचीच्या भावाने, जो पुस्तकाला हात लावत नाही, तेवढ्यासाठी रात्र रात्र तो गेम खेळलाय.

कुणी म्हणेल मग मूळ गोष्टीला काही मान आहे की नाही. आहे ना. पण आपण मराठी वाचक, आपल्याला हे परकं वाटायला नको. महाभारतात ययातीला थोडीशीच जागा आहे, खांडेकरांनी १९५९ मध्ये त्यावर अख्खी कादंबरी उभी केली, ययाती, देवयानी, शर्मिष्ठा तिघांना आपापल्या तोंडाने बोलायला लावलं, आणि आपण ती डोक्यावर घेतली. ती वाचून महाभारत कमी झालं नाही. ग्रीकांचं तर याहून पुढचं होतं, त्यांचे नाटककार त्याच त्याच गोष्टी घेऊन वेगवेगळं सांगायचे, ठरलेली एकच आवृत्ती त्यांच्याकडे नव्हतीच.

फरक एवढाच की एखाद्या सतरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला, जिने आपल्याबद्दल घरात कुणालाच काही सांगितलेलं नाही, तिला हे कळणं की तीन हजार वर्षं जुन्या गोष्टीत तिच्यासारखं कुणीतरी होतं आणि त्याचं दुःख कुणी लहान केलेलं नव्हतं, याची किंमत मला मोजता येत नाही. माझी भाची त्यातली आहे का हे मला माहीत नाही, तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला इलियडच्या तेविसाव्या भागाचा फोटो पाठवला, केस कापण्याचा तो तुकडा, पेन्सिलने रेघ मारून. संध्याकाळपर्यंत काहीच उत्तर नाही. मग एक मेसेज आला, "मग हाडांचं काय झालं? ठेवली का एकत्र?"

ठेवली. इलियडमध्ये नाही, ओडिसीच्या शेवटच्या भागात येतं. पाताळात अ‍ॅगॅमेम्नॉनचं भूत अकिलीसला सांगतं की तुझ्या आईने सोन्याचं भांडं दिलं, त्यात तुझी पांढरी हाडं आणि पॅट्रोक्लसची एकत्र मिसळून ठेवली. अँटिलोकसची, तोच ज्याने हात धरून ठेवले होते, त्याची बाजूला वेगळी.